दोष पांढऱ्या सिमेंटचा नाही

‘पूर्वी दाढेत चांदी भरायचे, ती वीस-वीस वर्षं टिकायची, आताचं पांढरं सिमेंट म्हणजे जंतूंना आवतणच.’ कोपरगावापासून जामखेडपर्यंत कुठल्याही पारावर हे ऐकायला मिळतं.

हा पक्ष अगदीच पोकळ नाही. चांदी म्हणतात ते अमाल्गम. त्यात निम्मा पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. धातूंचे सुटणारे अंश जंतूंना मानवत नाहीत, शिवाय गंजातून होणारे क्षार कडेची फट हळूहळू बुजवतात. पांढरं सिमेंट म्हणतात ते कॉम्पोझिट. ते निळ्या प्रकाशात कडक होताना आकसतं आणि कड सोडू शकतं. त्याच्यावर जंतूंचा थर जास्त जमतो, हे प्रयोगशाळेतही अनेकदा दिसलं आहे. इथवर मान्य. ‘म्हणून चांदीच परत आणा’ ही उडी मात्र अमान्य.

कारण जंतू नुसतं मटेरियल बघून बसत नाहीत. सोन्यावर, चांदीवर, खुद्द दातावरही काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा चढतो आणि जंतू चिकटतात ते त्या पापुद्र्याला. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, जो १९२४ साली क्लार्क या संशोधकाला किडक्या दातांत सापडला, साखरेपासून स्वतःच डिंक बनवतो. (साखरेचं महत्त्व प्रवरानगरच्या जिल्ह्याला कोण सांगणार! सहकारी साखर कारखान्यानं इथल्या शेतकऱ्याला उभं केलं. दिवसभर येता-जाता होणारा गोड चहा काही कारखान्याच्या माथी मारता येत नाही.)

डिंक धरायला जागा मिळते ती खरखरीत पृष्ठभागावर. खडबडीतपणा साधारण ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की थर वाढत जातो. त्याखाली आणखी घासून फारसा फायदा नाही. म्हणजे गुन्हेगार आहे तो पॉलिश न केलेला पृष्ठभाग. आणि इथंच चांदीवाल्यांचा दावा त्यांच्यावर उलटतो. अमाल्गमचं पॉलिश किमान २४ तासांनी करायचं असतं. पारनेरच्या एखाद्या वाडीवरून आलेला माणूस त्यासाठी पुन्हा मजुरी बुडवेल? कॉम्पोझिट त्याच बैठकीत गुळगुळीत करता येतं. शिवाय चांदी अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. कॉम्पोझिट चिकटवता येतं. पारा कमी करण्याचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे आणि भारत त्यात आहे, ते वेगळंच.

दुसऱ्या टोकाला ‘फ्लोराइड सोडणारं सिमेंट भरा, जंतू फिरकणारच नाहीत’ असं म्हणणारे. विल्सन आणि केंट या संशोधकांनी १९७२च्या सुमारास पुढे आणलेलं ग्लास आयोनोमर गुणाचं आहे. वीज नसलेल्या शिबिरातही हाताच्या अवजारांनी भरता येतं. पण फ्लोराइडचा जोर पहिल्या काही दिवसांचा, पुढे नुसतं झिरपणं. पृष्ठभाग कॉम्पोझिटपेक्षा खडबडीतच. त्याच्या भरवशावर ब्रश टाळणाऱ्याचं ते काय रक्षण करणार?

लोणीला आणि संगमनेरला दंतमहाविद्यालयं आहेत. तिथल्या विद्यार्थ्याचं फिलिंग तपासताना रंग जुळला का, याआधी कड कशी आहे हे पाहिलं जावं, आणि त्यावर गुण कापले जावेत. रुग्णानंही खुर्चीतून उठण्याआधी जिभेनं कड चाचपावी. खरखर लागली तर पॉलिश मागायला लाजू नये. दोन दातांमध्ये मात्र जीभ पोचत नाही, आणि पुन्हा लागणारी कीड बहुधा तिथंच, हिरडीच्या बाजूला सुरू होते. तिथं फ्लॉसचा दोरा अडकत किंवा पिंजत असेल, तर डॉक्टरांचं काम अजून बाकी आहे.