झोप गं बाई, डेडलाइन आहे!

‘बेबी स्वतःची स्वतः झोपते का?’ हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्ये सध्या ‘अप्रेजल कसं झालं?’च्या टोनमध्ये विचारला जातो. कुणाचं म्हणे सहाव्या आठवड्यातच ‘सेट’ झालं. आमची लेक नऊ आठवड्यांची आहे आणि रात्री अडीचला बाई फुल फॉर्मात असतात!

घाई का होते, ते कळतं हो. नोकरीतल्या मैत्रिणींना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला शून्य. नवरा केंद्र सरकारी नोकरीत असेल तर त्याला १५ दिवस, खासगीत कंपनीची मर्जी. म्हणजे डेडलाइन ऑफिसची, आणि ती पाळायची कुणी, तर साडेचार किलोच्या जिवाने.

‘थोडं रडू द्या, ठरावीक वेळाने डोकावून या’ हा फंडा बोस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकामुळे गाजला. पण तो नवजात बाळांसाठी नाहीच. त्यांना दिवसातून आठ ते बारा वेळा दूध लागतं, आणि दिवस कुठला, रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळ सुरू व्हायलाच दोन-तीन महिने लागतात. चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतात, पण तुकड्यातुकड्यांनी. त्यातली साधारण निम्मी झोप चुळबुळीची. हात उडतात, तोंड वेडंवाकडं होतं, कुईकुई चालते. आपण ‘उठली, उठली’ म्हणत उचलतो आणि चांगल्या झोपलेल्या बाळाला खरंच उठवतो! आता मी मिनिटभर नुसती बघत राहते. बऱ्याचदा ती पुन्हा शांत होते. आतापर्यंतची सर्वांत कामाची ट्रिक हीच.

दुसरी ट्रिक दिवसातून फक्त एकदा, सकाळच्या पहिल्या झोपेला. दूध, ढेकर, कोरडा लंगोट झाला आणि नजर तंद्रीत गेली, की पूर्ण डोळा लागण्याआधीच खाली ठेवायचं. छातीवर हलका हात. रडली की उचलायचं, मानापमान न ठेवता. दहातून तीनदा जमतं. दिवसा पडदे उघडे, कुकरच्या शिट्ट्या चालू. रात्री मंद दिवा आणि गप्पा बंद.

यात माझी खरी वाटाघाट चालली होती आईशी. ‘हाताची सवय लावू नकोस गं,’ हे ती मला सांगते तेव्हा नात तिच्याच मांडीवर झुलत असते! तिने जुन्या सुती साडीच्या कापडाची मोहरीची उशी शिवून आणली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. पण बाळाने झोपावं पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, उशी-गोधडी-टेडी काही न ठेवता, आपल्याच खोलीत पण स्वतःच्या पाळण्यात, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. झोळीत हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडचण होऊ शकते.

‘तुम्ही दोघं झोळीतच वाढलात!’

‘हो गं आई, पण तू शेजारी बसून असायचीस.’

आई गप्प झाली. उशी कपाटात गेली. तिचा चेहरा पडला, मलाही वाईट वाटलं. पण तिथे मी बधले नाही. झोळी फक्त जागेपणी, आईच्या डोळ्यांदेखत. डोळा लागला की पाळणा.

रात्रीचं म्हणाल तर दहा ते दोन आता नवऱ्याकडे. दूध मी काढून ठेवते. पहिल्या रात्री तो घामाघूम झाला, पाचव्या रात्री क्रिकेटची कॉमेंट्री पुटपुटत तिला झोपवत होता. मला सलग चार तास मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलवर विनाकारण रडू आलं नाही. (तसं रडू दोन आठवडे थांबलंच नाही, तर डॉक्टरांना सांगा. ‘बाळंतपणात होतंच’ म्हणून ढकलू नका.)

हिंजवडीत काम करणारी एक मैत्रीण पुढच्या महिन्यात जॉइन होतेय. बाळ पाच महिन्यांचं. ‘आता रडू द्यायचं का?’ विचारत होती. म्हटलं, आधी डॉक्टरांशी बोल, सकाळच्या एका झोपेपासून सुरू कर. आणि शुक्रवार-शनिवारची रात्र कुणाची, हे आजच नवऱ्याला विचारून ठेव.