रोबोटच्या बोटाला स्पर्श कळतोय, आपल्या कामगाराचं काय?

रोबोटच्या बोटांना स्पर्श कळावा म्हणून धाग्यांचे सेन्सर बनतायत. तत्त्व तसं साधं. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्यांचं कापड दाबलं की तंतू एकमेकांना जास्त टेकतात, विजेचा रोध घटतो, त्यावरून दाब कळतो. कापडच ते, बोटाच्या गोलाईवरही बसतं.

आमच्या चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गमावलेले कामगार आहेत. शिबिरातला साधा कृत्रिम हात कप धरतो, पण तो निसटतोय की चेपतोय हे कळत नाही. केंद्राने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रोद्योगासाठी १,४८० कोटींचं मिशन मंजूर केलं. माग इचलकरंजीत आहेतच (भंगारात किती गेले, तो विषय वेगळा). मग मला सांगा, हे कापड आधी या माणसांच्या हातासाठी का नको? आपले खासदार हा प्रश्न संसदेत विचारणार का?