परिणामाचे मोल आणि शेतीची जोखीम

डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनचे रोखे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या सामाजिक विभागात नोंदले गेले. अशी नोंदणी झालेली ही देशातील पहिली संस्था. युवकांच्या कौशल्य प्रशिक्षणासाठी काढलेल्या या रोख्यांवर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. पैसा देणाऱ्याला मिळतो तो झालेल्या कार्याचा तपासलेला अहवाल. सेबीने या बाजारासाठी मान्य केलेल्या कार्यांत अल्प व अत्यल्प भूधारकांच्या उत्पन्नवाढीचाही समावेश आहे. हा विषय त्यामुळे कृषी विस्तारापासून दूर राहिलेला नाही.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे परिणामाधारित रोखे. खासगी गुंतवणूकदार आधी पैसा घालतो, संस्था काम करते, त्रयस्थ मूल्यमापक परिणाम मोजतो आणि उद्दिष्ट गाठले तरच शासन किंवा देणगीदार परतफेड करतो. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात मुलींच्या शिक्षणासाठी असा प्रयोग झाला. दुसऱ्या वर्षाअखेर अध्ययनाचे उद्दिष्ट जेमतेम निम्मे गाठले गेले होते. तिसऱ्या वर्षाअखेर ते १६० टक्क्यांवर पोहोचले. आकडे मागे पडले तेव्हा कामाची पद्धत बदलण्याची मोकळीक संस्थेला होती, हे या यशाचे मर्म होय.

कृषी विस्तारात किती मेळावे झाले, किती प्रात्यक्षिके घेतली, याचीच नोंद अधिक होते. शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मागे राहतो. तो पुढे आणणारी ही पद्धत स्वागतार्ह आहे. मात्र शेती ही शाळेसारखी चार भिंतींत चालत नाही. ज्या महिन्यात बंगळुरूचे रोखे नोंदले गेले, त्याच महिन्यात केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली. लागवड, खत, साठवण यांत कसूर न करणाऱ्या शेतकऱ्याचेही उत्पन्न अशा वेळी घटते. केवळ उत्पन्नाच्या आकड्यावर परिणाम जोखला, तर चांगले काम अपयशी ठरेल आणि भाव चढलेल्या वर्षी सुमार कामही यशस्वी दिसेल.

म्हणून करारापूर्वीच काही गोष्टी निश्चित व्हायला हव्यात. तुलना त्याच परिसरातील, तशाच जमिनीच्या व सिंचनाच्या शेतकऱ्यांशी व्हावी. म्हणजे पाऊस आणि भाव यांचा फटका दोन्ही बाजूंना सारखाच बसेल. निवडीत कोरडवाहू शेतकऱ्यांचा वाटा आधीच ठरलेला असावा; अन्यथा हमखास यश दाखवण्यासाठी बागायतदारच निवडले जातील. मोजणी किमान तीन हंगामांची असावी आणि जो काम करतो त्याने मोजणी करू नये.

सर्वांत महत्त्वाची बाब जोखमीची. परतावा हवा असणाऱ्यानेच तोटाही सोसावा, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे. उद्दिष्ट हुकले म्हणून विस्तार कार्यकर्त्याचे मानधन कापले गेले किंवा शेतकऱ्याच्या माथी कर्ज आले, तर ते सूत्रच मोडते. अशा प्रस्तावावर सही करण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकच प्रश्न विचारावा: पाऊस दगा देईल तेव्हा नुकसान कोणाच्या खात्यावर पडणार? त्याचे उत्तर करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो निधी नाकारणेच शहाणपणाचे ठरेल.