घारापुरीचा वाली कोण?

घारापुरीकडे निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट 18 डिसेंबर 2024 रोजी बुडाली. पंधरा माणसे गेली. त्यांतल्या सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह हाती लागायला शनिवार उजाडला. त्यानंतर सरकारने काय केले? मृतांच्या वारसांना राज्याचे पाच लाख आणि केंद्राचे दोन लाख जाहीर केले, चौकशी लावली, बोटीचा परवाना रद्द केला आणि गेटवेवरून सुटणाऱ्या प्रत्येक बोटीत लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे केले. बोटीचा परवाना 84 प्रवासी आणि 6 कर्मचाऱ्यांचा होता. प्रत्यक्षात तिच्यात शंभराहून जास्त माणसे होती. ती गेटवेच्या धक्क्यावर दिवसाढवळ्या, पोलिसांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चढली. ती मोजणे हे कोणाचे काम होते, याचे उत्तर तेव्हा कोणीही दिले नाही. ते उत्तर मिळेपर्यंत लाइफ जॅकेटची सक्ती म्हणजे वरवरची मलमपट्टी आहे.

आमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ही बोट जिथे निघाली होती, त्या घारापुरीची जबाबदारी नेमकी कोणाची आहे? अपघातानंतरच्या साऱ्या बातम्यांत ‘मुंबईजवळचे एलिफंटा’ एवढाच त्या बेटाचा पत्ता होता. घारापुरी रायगड जिल्ह्यात आहे, उरण तालुक्यात आहे, तिथे ग्रामपंचायत आहे आणि बाराशेच्या आसपास माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे मंत्रालयाला आणि त्या वेळी नागपुरात अधिवेशनाला बसलेल्या सभागृहाला पुन्हा एकदा सांगावे लागले, ही संतापाची गोष्ट आहे.

नकाशा पाहा. मुंबई बंदराच्या मधोमध दोन डोंगर आणि त्यांच्यामधली अरुंद घळ, एवढेच हे बेट. पश्चिमेकडच्या डोंगरात लेणी, पूर्वेकडच्या डोंगरावर जुन्या स्तूपाचे अवशेष. भरतीला बेट आक्रसते, ओहोटीला चिखलाचे आणि तिवरांचे पट्टे उघडे पडतात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या किनाऱ्याला धरून आहेत. गेटवेहून बेट दहा-अकरा किलोमीटर. पूर्वेला न्हावा-शेव्याचा किनारा त्यापेक्षा कितीतरी जवळ आणि दक्षिणेला आमचे उरणचे मोरा बंदर. भूगोल सांगतो की घारापुरी उरण-पनवेलच्या किनाऱ्याची आहे. व्यवहार मात्र गेली कित्येक दशके तिला गेटवेच्या दावणीला बांधून बसला आहे, कारण पर्यटकांचा पैसा तिकडून येतो.

आता कारभार पाहा. महसूल रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे अलिबागला. तिथे जायचे तर आधी समुद्र ओलांडून उरणला यायचे, मग करंजाहून धरमतरची खाडी पार करायची किंवा पेणचा वळसा घालायचा. पोलीस मोरा सागरी ठाण्याचे, पण ते ठाणे नवी मुंबईच्या आयुक्तांच्या हाताखाली. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, त्याचा धनी दिल्लीला. धक्का आणि बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. भोवतालच्या पाण्यातून जाणारे जहाजमार्ग मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचे बंदर चालवणारे जेएनपीए यांचे. डोंगरावरची झाडी वनखात्याची. लोकसभेचा मतदारसंघ मावळ, म्हणजे घाटाच्या पार चिंचवड-पिंपरीपर्यंत पसरलेला. शाळा आणि आरोग्य जिल्हा परिषदेचे. एवढ्या सगळ्यांचा या बेटावर हक्क आहे. बेटावर काही घडले की यांतला कोण पुढे येतो? कोणीही नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो.

अठरा डिसेंबरच्या संध्याकाळी हेच दिसले. दुपारी चारच्या सुमारास इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची बोट प्रवासी बोटीवर आदळली. बुडणाऱ्यांना वाचवायला सगळ्यात आधी धावल्या त्या जवळपास असलेल्या बोटी, मुंबई बंदराची पायलट बोट, सीआयएसएफची गस्ती बोट, जेएनपीएच्या नौका. त्या माणसांचे उपकार विसरता येणार नाहीत. जखमींचा मोठा लोंढा उरणच्या जेएनपीए रुग्णालयात आला. गुन्हा मात्र कुलाबा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. माणसे उरणच्या किनाऱ्यावर आणली, कागद मुंबईत राहिले. बंदराचे रुग्णालय नसते तर त्या जखमींना कुठे नेले असते? उरण तालुक्याला हक्काचे शंभर खाटांचे उपजिल्हा रुग्णालय मिळायचे आहे. त्यासाठी तालुक्याने मोर्चे काढले, निवेदने दिली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ते वर्षानुवर्षे रखडले आहे. एका बंदराच्या कामगारांसाठी बांधलेल्या रुग्णालयावर साऱ्या तालुक्याने आणि जगप्रसिद्ध वारसास्थळाने विसंबून राहायचे, ही या भागाच्या आरोग्यव्यवस्थेची स्थिती आहे.

युनेस्कोने घारापुरीची लेणी 1987 साली जागतिक वारशात घेतली. बेटावर कायमची वीज आली फेब्रुवारी 2018 मध्ये. मधल्या एकतीस वर्षांत जगभरचे पाहुणे त्रिमूर्तीसमोर उभे राहून फोटो काढून गेले आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी लोक संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालणाऱ्या जनरेटरवर दिवस काढत होते. न्हाव्याच्या बाजूने समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकायला पंधरा महिने आणि सुमारे पंचवीस कोटी रुपये लागले. म्हणजे काम अशक्य नव्हते, महागही नव्हते. ते करायची जबाबदारी कोणावर नव्हती, म्हणून स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे ते झाले नाही. हे आम्ही वारंवार लिहितो आहोत आणि पुन्हा लिहितो: घारापुरीला पैशाची उणीव पडली नाही, जबाबदार माणसाची पडली.

वीज आली, बाकीचे तसेच आहे. पाणी पावसाच्या साठ्यावर. पुढच्या शिक्षणासाठी मुलांना समुद्र ओलांडावा लागतो. रात्री कोणाला छातीत दुखू लागले, एखादी बाई अडली, कोणाला साप चावला, तर घरचे लोक आधी होडीवाला शोधतात, मग भरती-ओहोटी पाहतात आणि मग देवाचे नाव घेतात. पर्यटकांना संध्याकाळनंतर बेटावर राहता येत नाही. शेवटची बोट गेली की बेट रिकामे होते, अशी समजूत बहुतेक अधिकाऱ्यांची दिसते. शेवटची बोट गेल्यावर तिथे गाव राहते.

आणि याच ठिकाणी मोऱ्याचा प्रश्न येतो. घारापुरीच्या माणसाला तहसील उरणला, बाजार उरणला, ठाणे मोऱ्याला. त्याचा खरा धक्का मोरा आहे. त्या मोऱ्याची अवस्था काय आहे, ते भाऊच्या धक्क्याला रोज जाणाऱ्या उरणकरांना विचारा. धक्क्याजवळ गाळ साचला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. फेऱ्या तासन्‌तास बंद राहतात. म्हातारी माणसे, टोपल्या घेतलेल्या मासळीवाल्या बाया, नोकरदार, सगळे पाणी चढण्याची वाट पाहत बसतात. गाळ काढतात, तो पुन्हा साचतो, पुन्हा निविदा निघते. मांडव्याला वाहने नेणारी रो-रो बोट 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली. आमच्या मोऱ्याची रो-रो जेट्टी वर्षांमागून वर्षे अपुरी पडून आहे. मुंबईच्या श्रीमंतांचे अलिबागचे बंगले ज्या बाजूला आहेत तिकडची सोय आधी झाली, कष्टकऱ्यांच्या बाजूची मागे राहिली, हे आम्ही उघड बोलतो.

मोऱ्याहून घारापुरीला खासगी होड्या जातात. वेळापत्रकाची, सवलतीच्या तिकिटाची, रुग्णाला ठेवायची सोय असलेली सरकारी बोट नाही. एसटी डोंगरातल्या वाडीपर्यंत तोट्यात जाते, कारण राज्याने ती आपली जबाबदारी मानली. तेच तत्त्व समुद्राला का लागू होत नाही? घारापुरीचा रस्ता पाण्याचा आहे. रस्ता सरकारने द्यायचा असतो.

लक्षद्वीपचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. तिथल्या सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर, वस्तीची बेटे दहा, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौसष्ट हजारांच्या आत. तरी तो स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आहे, स्वतंत्र जिल्हा आहे, त्याला जिल्हाधिकारी आहे. सरकारी प्रवासी जहाजे कोचीहून बेटांपर्यंत जातात आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवायची व्यवस्था आहे. तिथल्या प्रशासनाबद्दल लोकांच्या तक्रारी मोठ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रास्त आहेत. पण तक्रार कोणाकडे करायची, हे तिथल्या माणसाला ठाऊक असते. घारापुरीला वेगळा जिल्हा करा असे आम्ही म्हणत नाही. बेट हे बेट म्हणून चालवावे लागते, एवढे तरी सरकारने मान्य करावे. जमिनीवरच्या ग्रामपंचायतीचे निकष समुद्रातल्या गावाला लावून कारभार होत नाही.

घारापुरीभोवतालच्या पाण्यावरची गर्दी दरवर्षी वाढते आहे. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. जवाहर द्वीपावर तेलाची जहाजे लागतात. नौदलाच्या युद्धनौका, मच्छीमारांच्या होड्या, प्रवासी लाँच, सगळे याच अरुंद पाण्यात. ऑगस्ट 2010 मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन मोठी जहाजे इथेच एकमेकांवर आदळली. तेलाचा तवंग उरणच्या आणि घारापुरीच्या तिवरांत शिरला, मासेमारीला मोठा फटका बसला. 2018 मध्ये शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली बोट उलटून एकाचा जीव गेला. 2020 मध्ये मांडव्याजवळ 88 प्रवाशांची बोट बुडाली, सागरी पोलिसांच्या तत्परतेने सगळे वाचले. आणि 17 जुलै 1947 ला बुडालेली ‘रामदास’ बोट तर या किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या घराला आठवते. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. प्रत्येक वेळी चौकशी झाली. प्रत्येक वेळी काही दिवस कडक तपासणी झाली. नंतर सगळे पूर्ववत.

नौदलाला नव्या इंजिनांच्या चाचण्या घ्याव्याच लागतात, हे आम्हाला मान्य आहे. देशाच्या पश्चिम किनाऱ्याचे रक्षण मुंबईच्या तळावरून होते. पण पर्यटकांनी भरलेल्या बोटींच्या वाटेवर, ऐन दुपारी, वेगाच्या बोटीची चाचणी घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही. चाचणीचे पाणी वेगळे आणि प्रवाशांचे पाणी वेगळे, अशी आखणी बंदर आणि नौदल यांनी एकत्र बसून एका दिवसात करावी. त्यासाठी चौकशीच्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही.

उरण तालुक्याचे हे दुखणे घारापुरीपुरते नाही. या तालुक्याने बंदराला जमीन दिली, सिडकोला दिली, नौदलाला दिली, तेलाच्या आणि वायूच्या प्रकल्पांना दिली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली हक्काचा भाव मागताना पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्या हुतात्म्यांच्या नातवंडांना आजही गावठाणासाठी, संपादित जमिनीच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी, नौदलाच्या सुरक्षा पट्ट्यात अडकलेल्या घरांसाठी दारोदार फिरावे लागते. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल आली. त्याचे आम्ही स्वागत केले. पण सेतूवरून गाडी हाकणाऱ्याला ज्या बेटाचे डोंगर समोर दिसतात, त्या बेटावरच्या बाळंतिणीला किनाऱ्याला आणायला सरकारी बोट नाही. समुद्रावर सेतू बांधणाऱ्या राज्याला एक बोट परवडत नाही, यावर आमचा विश्वास नाही. मध्यंतरी शिवडीहून घारापुरीला आठ किलोमीटरचा रोपवे करायची घोषणा झाली होती. तोही पर्यटकांसाठीच होता. बेटावरच्या माणसाची गरज कोणी विचारात घेतली नाही.

आमची मागणी साधी आहे. घारापुरी आणि तिच्याकडे जाणारी सगळी प्रवासी वाहतूक यांच्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमा. त्याचे कार्यालय अलिबागला नको, मुंबईच्या फोर्टलाही नको, मोऱ्याला हवे. पुरातत्त्व, सागरी मंडळ, दोन्ही बंदरे, पोलीस आणि जिल्हा परिषद यांना आदेश देण्याचा अधिकार त्याच्या हाती द्या. कोणत्या बोटीत किती माणसे चढली, ती बोट शेवटची कधी तपासली, धक्का वापरण्याजोगा आहे की नाही, बेटावर डॉक्टर हजर आहे की नाही, यातल्या प्रत्येक गोष्टीला तो एकटा उत्तरदायी असावा. समित्या पुष्कळ झाल्या. समितीवर कारवाई होत नाही, अधिकाऱ्यावर होते.

डिसेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाचे खातेवाटप झाले. रायगडचा पालकमंत्री तेव्हा ठरायचा होता आणि त्यासाठी ओढाताण सुरू असल्याची चर्चा होती. ज्यांना हे पद हवे आहे त्यांनी आधी घारापुरीला जाऊन यावे, आणि तेही गेटवेवरून नव्हे, मोऱ्याहून, ओहोटीच्या वेळी. बंदरमंत्र्यांनीही तसेच यावे.  मोरा-घारापुरी सरकारी बोट कधी सुरू होणार आणि बेटाचा जबाबदार अधिकारी कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी तारीख आणि नाव सांगून जाहीर करावीत. उरणकरांनी ती मिळेपर्यंत मागणे सोडू नये.