परतलेले यान पुन्हा केव्हा उडणार?

बीड जिल्ह्यातील नारायणगडास भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. गडाभोवतीचा मुलूख अवर्षणाने गांजलेला. ‘अशा गरीब देशाला अंतराळाची चैन हवी कशाला?’ असे विचारणारे विद्वान सोयीस्करपणे विसरतात, की पावसाच्या ढगांची वार्ता उपग्रहच देतो! खरा प्रश्न निराळाच आहे. अंतराळात प्रयोगासाठी धाडलेले प्रत्येक यान एकदा वापरून गमवावे काय?

भारताने याचे उत्तर २००७ मध्येच दिले. १० जानेवारीस श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने ५५० किलो वजनाची कुपी कक्षेत नेली. बारा दिवस कक्षेत राहून, उष्णतारोधक कवचाच्या बळावर परतीचा दाह सोसून, २२ जानेवारीस ती हवाई छत्रीच्या आधारे बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. हे कौशल्य तेव्हा मोजक्याच राष्ट्रांकडे होते.

पण पुढे काय? पुढील दहा वर्षांत दुसरी कुपी कक्षेतून परतली नाही. चीनने मात्र २०२४ मध्ये पुनर्वापरक्षम ‘शिजियान-१९’ उपग्रह दोन आठवड्यांत भूमीवर उतरवून दाखविला. त्याच वर्षी आपले ‘पुष्पक’ धावपट्टीवर अचूक उतरले, हे अभिमानास्पदच. परंतु ते कक्षेतून नव्हे, हेलिकॉप्टरमधून सोडले होते.

एका यशाचा सत्कार करून स्वस्थ बसण्याची खोड आता सोडली पाहिजे. परत आणलेले यान पुन्हा उडविणे हीच खरी काटकसर. आणि तिचा आग्रह धरण्याचा पहिला अधिकार दुष्काळी मुलखातील करदात्याचाच आहे!