स्टेपनी कुठे टांगावी?

फराळाच्या ताटाशी बसून मोटारीच्या चाकाच्या गोष्टी करू नयेत, हे आम्हांला कळते. पण आमच्या सदराचे वाचक सणवार पाहून प्रश्न विचारीत नाहीत. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिले आहे : "नवी फोर-व्हील जीप घेतली. स्टेपनी मागच्या दारावर आहे. चिरंजीवांचे म्हणणे, ती काढून टपावर चढवू, म्हणजे गाडीला रुबाब येईल. आपले मत काय?" निव्वळ रुबाबाचा प्रश्न असता तर आम्ही चिरंजीवांच्या बाजूने कौल दिला असता. प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून हे दोन रकाने.

आधी या नावाची गंमत. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे, तिथे स्टेपनी नावाचा रस्ता. त्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक जादा चाक विकायला काढले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर आणि धाव एवढेच. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाजूने आवळून बसवायचे आणि घर गाठायचे. ते चाक केव्हाच इतिहासजमा झाले, पण नाव आमच्या प्रत्येक गॅरेजात जिवंत आहे.

जीपचे म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपला मागे उघडणारे फळकूटच नव्हते. त्यामुळे पाठीवर उजवीकडे चाक आणि डावीकडे पेट्रोलचा डबा अशी सरळ वाटणी होती. १९४५ साली विलिस कंपनीने शेतकऱ्यासाठी जीप काढली. त्याला पोती चढवायची, म्हणून मागे फळकूट आले आणि चाकाला कुशीवर जावे लागले. मुंबईत १९४९ पासून विलिसच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. बगलेत चाक मारून धावणारी ती सरकारी जीप जुन्या मंडळींना आठवत असेल. इंग्रजांच्या लँड रोव्हरने तर कित्येकदा चाक बॉनेटवर घेतले. त्यात वजन पुढे येते हे चांगले, परंतु बुटक्या ड्रायव्हरला समोरचा खड्डा दिसत नाही, आणि तेल पाहायचे झाले तरी चाकासकट झाकण उचलावे लागते. सांगायचे एवढेच की, ही जागा शोभेसाठी कोणी ठरवलेली नाही.

आता पोटाखालची जागा. तिच्याविषयी आम्ही निःपक्षपातीपणे लिहू शकणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२०१४ च्या श्रावणात आम्ही भोर तालुक्यात, हिरडस मावळातल्या एका वाडीवर पाहुणे होतो. त्या वेळच्या आमच्या गाडीची स्टेपनी मागच्या बाजूला, पोटाखाली साखळीने टांगलेली होती. दिसायला सुबक; दार मोकळे, आरशात काही आडवे येत नाही. रात्री आठच्या सुमारास शेजारचा चाळिशीचा माणूस खाचराच्या बांधावर घोणस चावून आला. वाडीत दुसरी गाडी नव्हती. त्याला मागच्या बाकावर निजवला, धाकटा भाऊ आमच्या शेजारी बसला आणि निघालो. ओढ्याच्या उतारावर मागचा टायर धारेच्या दगडाने बाजूने फाटला.

बंपरमधल्या भोकातून दांडी घालून फिरवायची, म्हणजे साखळी सैल होऊन चाक खाली येते, असे माहितीपुस्तकात चित्र होते. दोन वर्षांत आम्ही ती दांडी एकदाही फिरवली नव्हती. गंज आणि वाळका चिखल यांनी साखळी धरून ठेवली होती. बरे, ती सुटली असती तरी टायर बसल्यामुळे गाडीचे पोट इतके खाली आले होते की चाक बाहेर सरकायला वाट नव्हती. म्हणून आधी जॅक लावायचा. तो चिखलात रुतला. मग अंधारात ओढ्यातून सपाट दगड हुडकून आणायचा. धाकटा भाऊ पाण्यात उताणा निजून टॉमीने साखळी ठोकीत होता. मध्येच म्हणाला, "काका, हे हितं खाली बांधायची अक्कल कुणाची वो?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आत थोरला एक शब्द बोलत नव्हता, आणि त्याचीच आम्हांला अधिक भीती वाटत होती.

चाक बदलायला पन्नास मिनिटे लागली. भोरला प्रतिविषाची इंजेक्शने मिळाली, पुढे पुण्याला न्यावे लागले. माणूस वाचला, पण मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्याला बरेच महिने छळले. पन्नास मिनिटे आधी पोहोचलो असतो तर काय झाले असते, हे डॉक्टरांना विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

असो. टपाकडे वळू. जीपचे टायरसकट चाक तीसएक किलोंचे धरा. पावणेदोन टनांच्या गाडीवर ते दारावरून टपावर नेले तर गाडीचा गुरुत्वमध्य जेमतेम दोन सेंटिमीटर वर सरकतो. चिरंजीव म्हणतील, एवढेच ना? एवढेच, पण चाक एकटे जात नाही. आधी लोखंडी कॅरियर येतो, मग डबे, मग तंबू, आणि मग आडव्या उतारावर गाडी एका अंगाला कलली की पोटात गोळा येतो. टपावर किती किलो चालतील हा आकडा माहितीपुस्तकात असतो, तो चिरंजीवांना मोठ्याने वाचायला सांगा. शिवाय आमच्या सह्याद्रीत करवंदीच्या जाळ्या आणि आंब्याच्या फांद्या टपाच्याच उंचीवर असतात. आणि तीस किलोंचे चाक साडेसहा फुटांवरून, पावसात, एकट्याने उतरवणे हे काम तिशीच्या चिरंजीवांना जमेल. साठीच्या आपल्याला नाही.

मागच्या दारालाही दोष आहेत. मागच्या आसाच्या एक मीटर पाठीमागे तीस किलो टांगले आणि दोन आसांत अडीच मीटर अंतर असले, तर मागच्या आसावर बेचाळीस किलो पडतात आणि पुढचा आस बारा किलोंनी हलका होतो. पण खरा त्रास बिजागऱ्यांना. खडबडीत रस्त्यावर प्रत्येक आदळ्याला ते चाक दार खाली ओढते. त्यातून हौसेने मोठे टायर घातले की दार लोंबू लागते, कुलूप नीट बसत नाही, पत्र्याला चीर जाते. बारमाही रानवाटा तुडवणारे म्हणूनच चाकासाठी वेगळी चौकट करतात. ती दाराला नव्हे, सांगाड्याला जोडलेली असते आणि दारासारखी बाजूला फिरते. खर्च येतो, आणि दार उघडायला दोन खटके लागतात. आमच्या मते तरीही सर्वांत शहाणी जागा तीच.

गाडीच्या आत ठेवणार असाल तर पट्ट्यांनी घट्ट जखडा; अपघातात सुटे चाक माणसाला सोडत नाही. "ट्यूबलेस टायर आहेत, पंक्चर काढायची पेटी आहे, मग स्टेपनी हवीच कशाला?" असेही एकाने विचारले आहे. २०२० च्या नियमबदलाने काही अटींवर लहान मोटारींना तशी मुभा दिली. खिळ्याच्या भोकाला ती पेटी उत्तम. बाजूने फाटलेल्या टायरला तिचा काही उपयोग नाही.

तेव्हा साताऱ्याच्या गृहस्थांनी चाक आहे तिथेच राहू द्यावे. दार हाताने वर उचलून पाहावे. बिजागरीत खडखड लागली तर आधी ती दुरुस्त करावी. दार टेकते तिथले रबर झिजले असेल तर बदलावे, नंबरपाटी आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना हे पाहावे. चोरीच्या भयाने कुलुपाचा नट बसवला असेल तर त्याची किल्ली घरच्या कपाटात न ठेवता गाडीतच ठेवावी. आणि भाऊबीजेच्या आधी एकदा चिरंजीवांकडून चाक उतरवून पुन्हा चढवून घ्यावे, घड्याळ लावून. किती मिनिटे लागली ते आम्हांला जरूर कळवावे.