आवळा देऊन कोहळा

‘नैसर्गिक क जीवनसत्त्वा’च्या बाटल्या आता औषधांच्या दुकानांत ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांतील कित्येकांवर लालचुटुक ॲसरोलाचे चित्र असते. कॅरिबियन बेटांचे आणि मध्य अमेरिकेचे, आज ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर पिकविले जाणारे हे फळ खरोखरच गुणी आहे. त्याच्या १०० ग्रॅम ताज्या गरात सुमारे १,६७७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्याचे अमेरिकी कृषिखात्याचे तक्ते सांगतात. फळाशी आमचे भांडण नाही. या आकड्याचा धाक घालून मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाचा खिसा हलका करण्याचा जो उद्योग चालला आहे, त्याच्याशी मात्र आहे.

शरीराला या जीवनसत्त्वाची गरज तरी किती? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५. गरजेपेक्षा पुष्कळ अधिक घेतले, तर जादा भाग बव्हंशी मूत्रावाटे निघून जातो. मग हजार मिलिग्रॅमची गोळी गिळणारा माणूस विकत घेतो तरी काय? सर्दी टळेल ही आशा! लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये पुस्तक लिहून ही आशा जगभर पसरविली. पुढे झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये घेतला, तेव्हा सर्वसामान्य माणसांत रोजच्या सेवनाने सर्दीचे प्रमाण घटत नसल्याचे आढळले. दुखणे प्रौढांत सुमारे ८ टक्क्यांनी आखूड होते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस.

परंतु हे खडे बोल केवळ परकीय मालाला सुनावून आपली सुटका नाही. आवळ्याच्या नावाने घरचे व्यापारी जे करतात, ते याहून फारसे निराळे नाही.

आवळ्याचा गौरव आम्हांला कोणी शिकवावा लागत नाही. कार्तिकात आवळीखाली पंगती बसतात, तुळशीच्या लग्नात आवळा लागतोच आणि एखादी गोष्ट स्वच्छ कळली, हे सांगायला ‘हस्तामलकवत्’ हाच शब्द ओठी येतो. (इंग्रजांनी त्याला ‘गूजबेरी’ म्हटले, त्या युरोपीय झुडपाशी याचे काडीचेही नाते नाही.) १९४० च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीने ग्रासलेल्या रोग्यांना आवळ्याने उतार पडला होता. इतके खरे भांडवल हाती असताना खोट्याची गरज का भासावी?

जाहिरातींत आजही १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्याचे छापतात. हा जुन्या तक्त्यांतील आकडा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत तो २५२ वर आला आहे. पेरूही २०० च्या पुढे असल्याने फार मागे नाही. ‘एक आवळा म्हणजे वीस संत्री’ हे वाक्य तर पाठ्यपुस्तकातल्या सुभाषितासारखे घोकले जाते. मध्यम आवळ्याचा ३० ग्रॅम गर धरला, तर त्यात सुमारे ७५ मिलिग्रॅम भरते, म्हणजे फार तर दोन संत्री. पण माणसाची दिवसाची गरज जवळजवळ तेवढीच आहे! ही कमी का आहे?

दुसरी लोणकढी अशी की, आवळ्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्टच होत नाही. त्यातील तुरट द्रव्यांमुळे हा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. बाजारू आवळा कँडी कशी होते ते पाहा. आवळे उकळत्या पाण्यातून काढायचे, पाण्यात उतरलेले सत्त्व पाण्याबरोबर फेकून द्यायचे, मग त्या फोडी साखरेच्या दाट पाकात मुरवून वाळवायच्या. हातात उरते ती आवळ्याच्या वासाची साखर. च्यवनप्राशाचे म्हणाल, तर चरकाच्या पाठातही साखर आहे. पण तिथे पाचशे आवळे मोजून सांगितले आहेत. २०२० च्या महामारीत आयुष मंत्रालयाने रोज १० ग्रॅम च्यवनप्राश सुचविताना मधुमेह्यांनी साखरविरहितच घ्यावा, असे बजावले होते, ते उगाच नव्हे. डब्यात आवळा किती आणि साखर किती, हे दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत छापायला कोणाची हरकत असावी? आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आम्ही ऐकली होती. येथे तर आवळाही पुरता मिळत नाही.

या गदारोळात ज्याला आवळा मिळायला हवा, तो मात्र उपाशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत. बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की नेमके उलटे होते. शाळेतील आणि अंगणवाडीतील आहारात हंगामाचे तीन-चार महिने कच्च्या आवळ्याची चटणी किंवा मीठ लावलेली फोड का नसावी? आवळा नाही तेव्हा पेरू, तोही नसेल तर लिंबाची फोड.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात आवळ्याच्या बागा आहेत. पोषण आहाराच्या ठेक्यांत ताज्या फळाची अट घालून शेतकऱ्याकडून थेट खरेदी करण्याचा निर्णय येत्या कार्तिकापूर्वी व्हावा. लोकप्रतिनिधींनी आपल्या तालुक्यातील एका तरी शाळेत जाऊन ताटात काय वाढले जाते ते पाहावे आणि फळ नसेल, तर का नाही, हे विधिमंडळात विचारावे.